पोळीतलं भोक

मला किळस पटकन येते. लहानपणापासूनचंच आहे हे. दुधावरची साय, ओलं पायपुसणं, पाहुण्यांनी वापरलेला साबण, दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं, काहीही पुरतं. आमची ताई म्हणायची, "हिला गंगाजल दिलंत तरी फडक्यातून गाळून घेईल." ताईला स्वतःला कशाचीच किळस नव्हती. मोरीत केसांचा बुचका अडकला की घरातले सगळे एकमेकांकडे बघत बसायचे. मग ताई उठायची, सरळ हात घालून तो काढायची, आणि तोच हात धुऊन कणिक मळायला बसायची. बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं तिने केलं. मी औषधं आणणं, डॉक्टरांना फोन करणं अशी कोरडी कामं केली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात किळस बरीच आहे आणि ती सगळी माझी नाही.

डोंबिवलीत आमचं पोळीभाजी केंद्र आहे. बाबांनी नोकरी सुटल्यावर ते काढलं आणि ताईने चालवलं. ती लग्नाच्या भानगडीत पडली नाही, मी पडले आणि ठाण्याला वर्तकनगरला गेले. तिथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर घरी बसून नवऱ्याचं वर्तमानपत्र वाचणं ऐकण्यापेक्षा बरं, म्हणून रोज डोंबिवलीला यायला लागले आणि गल्ल्यावर बसायला लागले. गल्ल्याचं तोंड रस्त्याकडे, पाठ भटारखान्याकडे. आतलं मला फारसं दिसत नसे, ते एक बरंच होतं.

ताईची पोळी घडीची. मध्ये तेलाचं बोट, वर चिमूटभर पिठी, घडी, पुन्हा लाटणं. तव्यावर पदर सुटायचे आणि ताटात घेतली की वाफ बाहेर यायची. बाबा होते तोवर दिवसाची पहिली पोळी त्यांची. तूप नाही, मीठ नाही, नुसती. पहिला घास घेऊन ते मान हलवायचे. ती मान हलेपर्यंत ताई दुसरी पोळी तव्यावर टाकायची नाही. दुकानावरच्या पाटीवर बाबांनीच लिहून घेतलेलं होतं, 'हाताने लाटलेल्या घरगुती पोळ्या'. दुकानात पोळ्या लाटायला आणखी एक मावशी होती. ती त्यांना चपात्या म्हणायची आणि ताई तिला रोज सुधारायची.

मग ताईचा हात गेला.

आधी बोटांना मुंग्या, मग झोपेत हात झटकत उठून बसणं. तिने ते कितीतरी दिवस अंगावर काढलं. शेवटी मीच तिला डॉक्टरांकडे ओढून नेलं. मनगटातली नस दाबली गेली आहे, म्हणाले. लाटणं बंद. असंच चालू ठेवलं तर पुढे ऑपरेशन करूनसुद्धा बोटांतली ताकद परत यायची नाही. ताई हे सगळं असं ऐकत होती की जणू शेजारणीच्या हाताबद्दल चाललंय. बाहेर पडल्यावर म्हणाली, "डॉक्टरांना काय जातंय बोलायला, त्यांना कुठे दुपारचे डबे भरायचेत."

त्याच दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. ताईने पोळीचा तुकडा मोडायला घेतला आणि तो मोडेना. अंगठा आणि दोन बोटं पोळीवर ठेवलेली, पोळी जागची हलत नव्हती. तिने दोनदा प्रयत्न केला. मग पोळीची सुरळी केली, डाव्या हातात धरली आणि दातांनी तोडली. आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या बाईला पोळी मोडता येत नव्हती. एरवी कोणी असं दातांनी ओढून खाल्लं असतं तर मी पान बाजूला सारलं असतं. त्या दिवशी मला किळस आली नाही, भीती वाटली.

लाटायला आणखी बायका ठेवायच्या, तर मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी ताईपुढे टिकत नाहीत. दुसरीची पोळी ताटात पडली की ताई काही बोलायची नाही, ती उचलून बाजूला ठेवायची आणि स्वतः नवी लाटायची. म्हणजे पगार दुसरीला आणि मनगट हिचंच झिजणार. तेव्हा मला पोळ्या करणाऱ्या यंत्राची आठवण झाली.

वर्तकनगरला आमच्या वसाहतीच्या मागे एका केटररने ते बसवलं होतं. मी बघायला गेले तेव्हा यंत्र विकणारा माणूसही तिथे हजर होता, अंगावर अत्तराची अख्खी बाटली ओतून. ते धूड म्हणजे स्टीलचं लांबलचक कपाट आडवं पाडल्यासारखं. एका बाजूने कणकेचा उंडा आत जायचा, दोन तापलेल्या तव्यांमध्ये चेपला जायचा, फस्सकन वाफ सुटायची, आणि पट्ट्यावरून सरकत, खालच्या जाळावर फुगत पोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. वास पोळीचा नव्हता, तापलेल्या लोखंडाचा आणि शिळ्या तेलाचा होता. विक्रेत्याने एक पोळी उचलली, तुकडा तोडला, तुपात बुडवला आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी आणला. अंगठीच्या खड्याभोवती मळ होता.

"टेस्ट करो मॅडम, एकदम घर जैसा!"

मी डोळे मिटून खाल्ला. चव नव्हती. वाईटसुद्धा नव्हती, नव्हतीच. पदर नाही, तेलाचं बोट नाही, ओल्या पुठ्ठ्यावर तूप. हे ज्याच्या घरासारखं असेल त्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही, असं मनात म्हटलं. आणि तरी तिथल्या तिथे यंत्र घेऊन टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात ताईचा होता.

यंत्र टेम्पोतून आलं. त्याला जागा करायला दोन पोळपाट, मोठा तवा आणि बाबांची बसायची खुर्ची माळ्यावर गेली. ताई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "पुसायला किती कोपरे आहेत गं याला." आणि ते खरं होतं. पहिल्याच संध्याकाळी पट्ट्याखाली करपलेल्या पिठीचा काळा भुगा जमला होता, त्यात ग्रीस मिसळलेलं. मी नाकाला रुमाल लावला. ताई ब्रश घेऊन डाव्या हाताने तो खरवडत बसली.

कामं अशी वाटली. कणिक मळायचं पिंप आणि उंडे कापायचं यंत्र मावशीने चालवायचं. कापलेले उंडे ताटांत ओळीने मांडले जायचे. ताईने यंत्राच्या तोंडाशी स्टुलावर बसायचं आणि ताटातला एकेक उंडा उचलून पट्ट्यावर ठेवायचा. एवढं हलकं काम चालेल, असं मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. बाहेर पडणाऱ्या पोळ्यांना तेलाचा हात लावून चळत रचायची, तेही मावशीकडे. मी गल्ल्यावर, पाठ करून.

पहिल्या दिवशी यंत्र बसवायला आलेला मेकॅनिक दिवसभर होता. तो खडवलीहून यायचा. तोंडात कायम गुटखा, बोलायचं झालं की हनुवटी वर करून बोलायचा, म्हणजे आतला ऐवज सांडू नये. आमच्या भाजी झाकायच्या पंच्याला त्याने हात पुसले. मी तो पंचा चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. पण त्याच्या हातून पोळ्या टम्म फुगत होत्या, हे मान्य करायला हवं. सगळे उंडे त्यानेच घातले. ताई शेजारी उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि पोळ्यांना भोकं पडायला लागली.

बरोबर मध्यात. पोळी फुगायचीच नाही, पट्ट्यावरून मरगळल्यासारखी सरकत यायची आणि मधोमध जुन्या बनियनला पडतं तसं भोक. काहींना भोक नसायचं, पण त्या जागी पोळी इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. आधी मावशीने तशा पोळ्या चळतीच्या पोटात दडवल्या. मग पोटातही भोकं आणि वरही भोकं झाली.

गिऱ्हाइकं दोन दिवस सभ्य राहिली. तिसऱ्या दिवशी रोज येणारे निवृत्त काका शर्ट दाखवायला आले. छातीवर बटाट्याच्या भाजीचा पिवळा ओघळ. "अहो, पोळीत घास घेतला तर भाजी खालून बाहेर!" कल्याणला मेस चालवणाऱ्या एक बाई आमच्याकडून पोळ्या न्यायच्या. त्यांनी अख्खा डबा परत आणला. झाकण उघडलं तर आत घाम सुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या पोळ्या. मी झाकण परत लावून टाकलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडची पोरं भोकातून एकमेकांना बघतात. हसतात हो पानावर बसून. असं चाललं तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

मेकॅनिकला बोलावलं. तो आला, उंडे घालायला लागला आणि पोळ्या फुगायला लागल्या.

"मॅडम, मी पहिला आलेलो तेव्हा पण ओके होती, आता पण ओके आहे. मशीनला काय झालेलं नाय."

तो गेला आणि भोकं परत आली. पुन्हा बोलावलं. या वेळी त्याने गहू बदलायला सांगितलं. बदलला. कणकेत पाणी कमी करायला सांगितलं. केलं. मग तवे गरम जास्त होतात म्हणून ते उघडून बाहेर काढले. त्यांच्या मागून जे निघालं ते वर्णन करण्याजोगं नव्हतं. थंड झालेलं डांबर म्हणा, आणि त्यात पाय वर केलेलं एक झुरळ. मी दुपारी जेवले नाही, संध्याकाळी वर्तकनगरला जाऊनही नुसतं ताक प्याले. मेकॅनिकने ते बोटाने निपटून काढलं आणि बोट पँटला पुसलं. तवे बसवले, उंडे घातले, पोळ्या टम्म. त्याने तिथेच उभ्या उभ्या एक भाजीबरोबर खाल्लीसुद्धा, गुटखा गालात सारून.

"तुमच्या हाताला मशीन बसत नाय वाटतं," तो म्हणाला.

त्याला झाडूने हाकलायचं तेवढं बाकी होतं. घोडं नक्की कुठे पेंड खातंय, ते त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही नाही. एवढंच कळत होतं की सगळं जग मला फसवतंय. विक्रेत्याला फोन करून मी जे बोलले ते शाळेत पंचवीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून साठवलेलं होतं. शेवटी तो कंटाळला आणि यंत्र परत न्यायला कबूल झाला.

ते ऐकून ताईने माळ्यावरून पोळपाट काढायला सांगितला. "जाऊ दे गं. हळूहळू लाटीन. थोड्याच पोळ्या करू."

"कुठल्या हाताने?"

"हाताने म्हणजे काय, हातानेच." तिने लाटणं घेतलं. पहिली पोळी कशीबशी अर्धी लाटली असेल, तेवढ्यात लाटणं हातातून निसटलं, जमिनीवर पडलं आणि घरंगळत यंत्राखाली गेलं. ती खाली वाकली. बोटं लाटण्याला लागत होती, पण त्यावर मिटत नव्हती. मी बघत राहिले. मावशीने ते काढून दिलं तेव्हा ताई हसली आणि म्हणाली, "तुपाचा हात होता." कसलं तूप! यंत्र परत गेलं की हिचा हात गेला, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. मला ते यंत्र नको होतं, त्याचा वास नको होता, त्याची पोळी तर नकोच होती. पण त्याच्याशिवाय हिला थांबवण्याचा दुसरा मार्ग माझ्याकडे नव्हता.

यंत्र न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी डब्यांची वेळ चालू असताना मी आत गेले. त्याच्याबरोबर आलेली ताटं, ब्रश, झाकणं एका ठिकाणी करायची होती. एरवी त्या वेळी मी गल्ला सोडत नसे. ताई स्टुलावर बसली होती, तिची पाठ माझ्याकडे. पण समोर यंत्राची चकचकीत बाजू होती आणि तिच्यात तिचे हात दिसत होते.

डावा हात ताटातला उंडा उचलायचा. उजवा हात शेजारच्या पिठीत दोन बोटं बुडवायचा आणि ती बोटं उंड्याच्या मधोमध खुपसायचा. मग डावा हात उंडा पट्ट्यावर ठेवायचा. पुन्हा उंडा, पुन्हा पिठी, पुन्हा बोटं. एकही सुटत नव्हता.

"ताई! काय करतेयस?"

"कुठे काय?"

"ते! बोटं!"

तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "अगं, असंच."

आमच्याकडे कणिक मळून झाली की गोळ्यावर बोटं उमटवतात. आई उमटवायची, मीही न चुकता उमटवते आणि आजवर त्याबद्दल कधी विचारही केला नाही. गुळगुळीत गोळा तसाच ठेवायचा नाही, कारण तसा पिंड असतो. जेवणाऱ्या जिवंत माणसांची कणिक वेगळी दिसली पाहिजे. पण हे एकदाच, मळलेल्या मोठ्या गोळ्यावर. पुढे पोळीचा उंडा करून लगेच लाटून टाकतो, तो कोणी मांडून ठेवत नाही. यंत्र मात्र ते मांडून ठेवायचं. ताटामागून ताट, ओळीने, सगळे सारखे, गुळगुळीत, कोणाचं बोटही न लागलेले.

मी ताईच्या हातातला उंडा काढून घेतला आणि तसाच पट्ट्यावर ठेवला. मागोमाग तिने बोटं खुपसलेला एक ठेवला. पलीकडे जाऊन उभी राहिले. पहिली पोळी टम्म फुगून आली. दुसरी भोक घेऊन आली. त्या खळग्यात कोरडी पिठी, वरून तो तवा चेपतोय, कणिक सांधणार कशी!

माझं डोकंच फिरलं. त्या मेकॅनिकची थुंकी मी सोसली होती, ते झुरळ बघितलं होतं, त्या काकांचा शर्ट आणि मेसच्या बाईंचा तो घामेजलेला डबा. "अगं, ज्या हातासाठी हे धूड दुकानात आणलं, त्याच हाताने दिवसभर बोटं खुपसत बसलीस? बसवून ठेवलं होतं ना तुला? डावा हात पुरेसा होता ना?"

"मला काय माहीत त्याने भोक पडतं?"

"पण खुपसायचीच कशाला? एवढी शिकलेली बाई तू, भुतं येऊन खाणार आहेत का उंडे?"

मावशीने यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. ताई पदराने बोटांची पिठी पुसत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "किळस येते गं मला."

हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मोरीत हात घालणारी, बाबांचं सगळं करणारी आमची ताई.

"बघवत नाहीत मला ते. ताटभर मांडलेले. त्या दिवशीच्यासारखे."

बाबांना मुलगा नव्हता म्हणून दहाव्याला ताई बसली होती. कल्याणला खाडीकाठच्या घाटावर. गुरुजींनी तिच्यापुढे पीठ ठेवलं आणि पिंडासाठी मळायला सांगितलं. तिने सवयीने मळलं, गोळा केला आणि सवयीनेच त्यावर बोटं उमटवली. गुरुजी बऱ्यापैकी करवादले होते. "अहो ताई, ही पोळ्यांची कणिक नव्हे. पुसा ते, पुसा." तिने पाण्याचा हात घेऊन बोटांचे ठसे पुसले आणि गोळा गुळगुळीत केला. मी तिथेच होते. पण खाडीला इतका घाण वास येत होता, पायाखाली कुजलेली फुलं आणि चिखल, की मी नाकाला रुमाल लावून कधी एकदा सुटतोय याचीच वाट बघत होते. माझ्या लक्षात राहिला तो वास. तिच्या लक्षात राहिला तो गोळा.

"पुसायला नको होतं मी," ताई म्हणाली. "रोज माझ्या हातचं खाल्लं त्यांनी. शेवटचं तेवढं बिनबोटांचं दिलं."

मावशीने डोळ्यांना पदर लावला. ज्या माणसाला आयुष्यात कशाची शिसारी आली नाही, त्याला एकदाच आली आणि ती मी रोज ताटं भरभरून तिच्यापुढे ठेवली होती, पगारी मदतनिसाकडून. मी विक्रेत्याला फोन केला आणि यंत्र राहू दे म्हणून सांगितलं. तो जे बोलला ते मी ऐकून घेतलं. त्याचा तेवढा हक्क होता.

आता मी यंत्राच्या तोंडाशी बसते. ताई दुसऱ्या टोकाला, तिथे फक्त तयार पोळ्या येतात. मधे यंत्राची उंच झाकणं आहेत, त्यामुळे तिला उंड्यांची ताटं दिसत नाहीत. चळत रचायची, डाव्या हाताने तेल लावायचं, एवढंच काम. मावशी आधी कणिक मळून उंडे कापून देते, मग गल्ल्यावर बसते. ती गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा चांगलं भांडते. ताईच्या मनगटाला रात्री पट्टा असतो. डॉक्टर म्हणतात, मुंग्या कमी झाल्यात, ताकद येईल तेवढी येईल.

उंड्यांना हात लावणं मला आवडत नाही. ते कोमट असतात, चिकट, आजारी माणसाच्या तळव्यासारखे. हातमोजे घालून बघितले, ते कणकेत चिकटून निघून यायचे. तेव्हा उघड्या हाताने उचलते. दिवसभर हाताला एक आंबूस वास राहतो आणि वर्तकनगरला पोचल्यावर मी आधी बेसिनशी जाते. नवरा हसतो. हसू दे.

पोळ्या आता फुगतात. निवृत्त काका परवा चळतीकडे बघून मावशीला म्हणाले, "आता कसं! तुमची जुनी पोळी परत आली की हो!" मी आतून ऐकलं आणि मला त्या मेकॅनिकच्या गुटख्याची आली नव्हती एवढी शिसारी आली. इतकी वर्षं ताईचं मनगट लाटून लाटून गेलं, पदर सुटलेली पोळी या माणसाने खाल्ली, आणि याला हा पुठ्ठा तीच पोळी वाटतो. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते काही खोटं नाही. रागारागात मी स्टूल घेऊन बाहेर गेले आणि पाटीवरचं 'हाताने लाटलेल्या' सुरीने खरवडून काढलं. आता नुसतं 'घरगुती पोळ्या' राहिलंय, आणि तेही खोटंच आहे. पाटीतला फरक अजून एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलेला नाही.

सकाळी यंत्र तापलं की पहिला उंडा उचलते आणि त्यावर दोन बोटं उमटवते. पिठीत बुडवून, चांगली दाबून. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. उंडा आत जातो, फस्स होतं, आणि भोक पडलेली पोळी ताईच्या टोकाला बाहेर पडते. पहिल्या दिवशी तिने ती उचलून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि चळतीत न ठेवता बाजूला ताटलीत ठेवली. मला वाटलं, कावळ्याला ठेवेल.

डब्यांची घाई संपल्यावर आम्ही चहा घेतला. ताईने ती ताटली पुढे ओढली. उजव्या हाताचं बोट पोळीच्या भोकात घातलं, अंगठा वर दाबला आणि ओढलं. पोळी भोकापासून कडेपर्यंत फाटत गेली. तिने तुकडा नुसताच तोंडात टाकला, तूप नाही, मीठ नाही, आणि बराच वेळ चावत राहिली. मान काही हलली नाही. हलवण्यासारखी ती पोळी नव्हतीच.

"कशी आहे?" मी विचारलं.

"पुठ्ठा," ताई म्हणाली आणि दुसरा तुकडा तोडला. "पण भोकापासून तोडायला सोपी जाते."